ठकूच्या खांद्यावरची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, आणि मोठा मत्सरी आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून माझी कहाणी सांगताच येणार नाही.

माझा जन्म १९५५ साली मुंबईच्या एका कारखान्यात झाला. सागवानी पेटी, पुढे सोनेरी कापड आणि पोटात काचेचे पाच व्हॉल्व्ह. हे व्हॉल्व्ह आधी तापवावे लागत. ते तांबूस उजळले की मगच मला कंठ फुटे. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात, चावडीवर, मला बसवले तेव्हा लोकांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला. चावडीचे काम पाहणारे बारकू माझे बटण फिरवत. तो मान दुसऱ्या कोणाला नव्हता. संध्याकाळी सारे गाव माझ्यापुढे बसे. शेतीचा कार्यक्रम, बातम्या, बाजारभाव. मी तापेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नसे. मी किती शेफारलो असेन ते तुम्हीच समजून घ्या.

गावात वीज नव्हती. माझा जीव एका बॅटरीत होता. शिसे आणि तेजाब, म्हणजे जळजळीत आम्ल, भरलेली ती जड पेटी दर आठवड्याला उतरे आणि टोकावड्याच्या पिठाच्या गिरणीत, इंजिनावर, भरून आणावी लागे. तेजाब सांडते म्हणून एसटीत तिला घेत नसत. हे काम गावाबाहेरच्या वाडीतल्या ठकूकडे होते. खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर बॅटरी, जाता दोन कोस आणि येता दोन कोस. परत आली की ती चावडीच्या पायरीवर टेके. तिला गाणी ऐकायची असत. पण बातम्या संपून गाण्यांची वेळ झाली की बारकूंचा हात बटणाकडे जाई.

"बारकूदादा, येक गाना तरी," ठकू म्हणे.

"नाय गो, बॅटरी उतरंल. मंग परत तुलाच जावा लागंल."

ते खरेच होते, म्हणून ती मुकाट्याने उठे. मला त्यात काही वावगे वाटले नाही. गावाचे माझ्यावाचून पान हलत नाही, एवढेच मला दिसत होते.

मग १९६५च्या दिवाळीत बारकूंचा मेहुणा म्हादू मुंबईहून आला तो काखेत ट्रान्झिस्टर घेऊन, आणि जाताना तो चावडीला देऊन गेला. जेमतेम विटेएवढे ते कार्टे! बटण दाबताच बोलू लागायचे. तापणे नाही, वाट पाहणे नाही, चार सेलांवर महिनाभर बडबड. त्याचा आवाज डब्यात अडकलेल्या मधमाशीसारखा होता, पण लोकांना त्याचे काही नव्हते. सगळे त्याच्याभोवती कोंडाळे करून बसले आणि मी कोपऱ्यात जळत राहिलो.

सगळ्यांत जास्त झोंबली ती ठकू. ट्रान्झिस्टरच्या गाण्यांना कोणी अडवत नसे; बारकू तो वाडीवरही न्यायला देत. ठकू त्याला काखोटीला मारून नेई. शेतापलीकडून गाणी माझ्यापर्यंत ऐकू येत, आणि मी म्हणे, याचे वाटोळे होऊ दे.

आणि झाले की हो! चैत्रात एकदा त्याचे सेल संपले. टोकावड्याच्या दुकानात नवे मिळेनात. अडीनडीला असावी म्हणून माझी बॅटरी भरून ठेवलेली असे. बारकूंनी विचार केला, एवढ्याशा सेलांवर हा इतका बोलतो, तर या मोठ्या बॅटरीवर केवढा बोलेल! माझ्या तारा उलटसुलट लागल्या तरी मी चालत असे, त्यामुळे कोणती तार कुठे हे पाहायची त्यांना सवयच नव्हती. मी मात्र पाहिले. तारा उलट लागल्या, बारीकसे टक् झाले आणि करपल्याचा वास सुटला. मला इतका आनंद झाला, की आज सांगायलाही लाज वाटते.

बारकू त्याला शहापूरला चंदर मिस्त्रीकडे घेऊन गेले. परत येऊन त्यांनी चावडीवर सांगितले, "याच्यात दिवे नाय. तांदळायवढे खडे हायेत, जर्मेनियमचे. अर्धवाहक म्हनतात त्याला. तापायचा नाय, म्हनून सेल बी थोडाच खातो. फुडं नखायवढ्या तुकड्यावर अख्खा रेडिओ बसनार म्हनं. आपन मातर उलटी तार लावून मारला त्याला. नवा खडा यायला म्हयना लागंल."

म्हणजे महिनाभर गादी पुन्हा माझी! आठवड्याने बॅटरी उतरली आणि ठकू निघाली. वैशाखाचे ऊन होते. दिवेलागणीला ती परतली, बॅटरी माझ्याजवळ ठेवायला वाकली आणि खांद्यावरचा पदर सरला. लुगड्याला भोके पडली होती. खाली कातडीवर जुने काळे डाग होते आणि त्यांच्या शेजारी एक ताजा, लाल. दहा वर्षे ती माझ्यासमोर वाकत होती, पण मी नेहमी तिच्यामागे बसलेल्या गर्दीकडे पाहत आलो होतो.

"ठके, खांद्याला काय झाला गो?" बारकूंनी विचारले.

"तेजाब. दर टायमाला सांडतो थोडा. त्यात नवा काय नाय."

बारकूंनी बॅटरी मला जोडली. बातम्या संपल्या. त्यांचा हात बटणापर्यंत आला आणि मागे गेला. गाणी सुरू झाली. ठकू खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिली, आणि मी जीव तोडून गायलो. पण गाताना मला कळत होते, की बॅटरी उतरते आहे आणि ती पुन्हा त्याच खांद्यावर जाणार आहे. ते कार्टे बरे होऊन परत यावे, असे त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटले.

ते परत आले. त्याला आता तीन वर्षे झाली. माझी बॅटरी पुन्हा भरली गेली नाही. माझ्या डोक्यावर कंदील पुसायचे फडके ठेवतात. मत्सर गेला म्हणाल, तर नाही. ट्रान्झिस्टर खरखरला की मला अजून बरे वाटते. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची धूळ अधूनमधून झटकत जा. आणि कोणतेही यंत्र सुरू कराल तेव्हा ते खाते किती आणि त्याचे खाणे कोण वाहून आणते, एवढे विचारत जा. मी कधी विचारले नाही.

गेल्या दसऱ्याला ठकूने मला पुसले, झेंडूचे फूल ठेवले आणि म्हणाली, "आवाज तुजाच चांगला व्हता रे. पन तू माज्या खांद्यावरना उतारलास, ता बरा झाला."

पहिले वाक्य मी लगेच ठेवून घेतले. दुसरे पोटात उतरायला वेळ लागला. मला तापायला नेहमीच वेळ लागतो.