कर्नलसाहेबांचं काम

दिघोरीत माझं कापडाचं दुकान आहे, पण पंचक्रोशी मला ओळखते ती आवाजावरून. शंकरपटाच्या दिवसांत आमच्याकडे दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक असतंच. त्या नाटकात राजा असो, दरोडेखोर असो की फौजदार, ज्याला ओरडायचं असतं ते काम भैय्यालालचं, म्हणजे माझं. माझा आवाज तळ्याच्या पाळीपर्यंत जातो असं लोक म्हणायचे, आणि मला त्याचा गर्व होता.

१९७४ च्या पटासाठी केशवराव गुरुजींनी नवीन नाटक लिहिलं. बांगलादेशच्या लढाईला दोनच वर्षं झाली होती. आमच्या गावचा टेकचंद त्या लढाईतून पायात लोखंडाचा तुकडा घेऊन परत आला होता. त्याच्या पलटणीच्या कर्नल दुग्गलसाहेबांनी नदी कशी पार केली, हे त्याने गुरुजींना सांगितलेलं. गुरुजींनी त्याचे तीन अंक केले. कर्नल मी. दोन्ही हातांत पिस्तुलं. नागपूरहून येणारी बाई कर्नलची बायको, तिला दोन गाणी.

तालमी शाळेच्या पडवीत चालत. एका संध्याकाळी टेकचंद पाहायला आला. "या नदीचं पाणी शत्रूच्या रक्ताने लाल करीन!" अशी मी गर्जना केली. छपरावरची कबुतरं उडाली. मंडळी खूश झाली. टेकचंद मात्र उठून उभा राहिला.

"गुरुजी, सायेब असे ओरडत नव्हते."

"मंग कसे बोलत होते?" गुरुजी म्हणाले.

"आपन घरी पानी मांगतो, तसे. आमी सारे काठावर पडून होतो. पलीकडं इटाच्या भट्ट्यात मशीनगन होती. सायेब आले, खाली बसले अन् म्हनाले, 'डर मुझे भी लग रहा है. पानी में पहले मैं उतरूँगा.' मंग त्याईनं बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले अन् धुक्यात छातीभर पान्यात गेले."

मग गुरुजींनी वही मिटली. "टेकचंद, भेलेला कर्नल पाहाले लोक कायले येतीन? दुकानदार भेला त चालते."

दुकानदार मीच होतो, म्हणून सगळे हसले. टेकचंद हसला नाही. "गुरुजी, आमी आंधीच भेलो होतो. पन कोनाले सांगाची लाज वाटे. सायेबानं सोताच सांगतलं अन् आमची लाज गेली," एवढं बोलून तो लंगडत निघून गेला.

मला त्या रात्री झोप आली नाही. वीस वर्षं मी शूर माणसांची कामं करत होतो आणि शूर माणूस कसा बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून टेकचंदच्या खळ्यावर गेलो. धानाची मळणी चालली होती. बैल फिरत होते, त्यांच्या मागे तो.

"टेकचंद, मले सायेब दाखव," मी म्हटलं.

त्याने मला पाहिलं, बैल थांबवले आणि तणसावर बसवलं. त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. साहेब टोपी कशी काढत, शिपायाशी बोलताना त्याच्या शेजारी कसे बसत, शेवटच्या शिपायाच्या ताटात भाजी पडल्याशिवाय स्वतःचं ताट कसं घेत नसत, सगळं तो सांगायचा. साहेबांचा वायरलेस सेट मंगरू नावाचा एक पोरगा पाठीवर वाहायचा. तो साहेबांच्या मागोमाग पाण्यात उतरला आणि पलीकडचा काठ हाताला लागता लागता गोळी लागून गेला. हे सांगताना टेकचंद दरवेळी मध्येच उठून बैल हाकायला जायचा.

मी साहेबांच्या अगदी नादाला लागलो. दुकानात एखादं गिऱ्हाईक दहा लुगडी उलगडून काहीच न घेता निघालं की पूर्वी माझा आवाज चढायचा. आता मनात यायचं, दुग्गलसाहेब काय म्हणाले असते? आणि मी लुगड्यांच्या घड्या घालू लागायचो. बायको म्हणाली, "तुमाले बरं नाही काय?"

नाटकाचा दिवस आला. दोन अंक मी गुरुजींनी लिहिल्याप्रमाणे गाजवले. तिसऱ्या अंकात नदी आली, म्हणजे माझ्याच दुकानातला निळा कपडा. दोघं जण दोन टोकांना धरून तो हलवत होते. माझ्या गर्जनेची वेळ झाली. मी पिस्तुलं खाली ठेवली, शिपायांच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "डर मुझे भी लग रहा है."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आणखी दोघं हसले. विंगेत गुरुजींनी कपाळावर हात मारला. मी बूट काढले, गळ्यात अडकवले आणि निळ्या कपड्यात पाय टाकला. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून ओरडला, "सायेब, जपून जा जी!"

त्याच्यामागे सगळा मंडप तेच म्हणू लागला. मी पार झालो तेव्हा गुरुजी विंगेत डोळे पुसत होते. सकाळी एकोडी गावचे लोक पुढल्या सालच्या खेळाची सुपारी देऊन गेले.

चैत्रात टेकचंद दुकानात आला. "सायेबाले सांगाले पायजे," तो म्हणाला. साहेब निवृत्त होऊन जबलपूरला राहत होते. आम्ही चिन्नोर तांदळाची थैली घेतली आणि गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीत बसलो.

फाटक उघडणारा माणूस ठेंगणा होता. जाड भिंगांचा चष्मा, हातात झारी. मी त्याला माळी समजून साहेबांची चौकशी करणार, तोच टेकचंदने कडक सलाम ठोकला. साहेबांनी झारी खाली ठेवली. "टेकचंद! टांग कैसी है?" आणि त्याचा हात धरून त्याला पायरीवर बसवलं. स्वतः शेजारी बसले.

मी नाटकाची सगळी हकिकत सांगितली. म्हाताऱ्याचं ओरडणं ऐकून ते पोटभर हसले. मग म्हणाले, "और मंगरू का काम किसने किया?"

नाटकात मंगरू नव्हताच. तसं मी सांगून टाकलं.

साहेबांनी आम्हाला बोल लावला नाही. चष्मा पुसत त्याच आवाजात म्हणाले, "मैं उतरा, वह तो मेरी नौकरी थी. पीछे कोई आएगा या नहीं, मुझे मालूम नहीं था. पीछे पानी की आवाज़ हुई. वह मंगरू था. उस आवाज़ के बाद मुझे डर नहीं लगा."

एकोडीच्या खेळाला तुम्ही याच, असा मी आग्रह धरला. ते नाही म्हणाले. ते आले तर लोक त्यांच्याकडेच पाहत बसतील, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा मंगरूच्या आईला न्या, रंभाबाईला. तिचं गाव याच छोट्या लाइनीवर, लामटा स्टेशनाजवळ. ते दर हिवाळ्यात तिला भेटायला जात. टेकचंदला हे ठाऊक नव्हतं.

परतल्यावर गुरुजींनी पिस्तुलं आणि एक गाणं काढून मंगरूचा प्रवेश लिहिला. कोण करणार, असं विचारताच टेकचंद म्हणाला, "मीच करतो." नाटकात कधी पाऊल न टाकलेला माणूस! एकोडीला तो लंगडत माझ्या मागून त्या कपड्यात उतरला आणि पलीकडच्या काठाशी पडला. लोकांना वाटलं, काय सुंदर लंगडतो! रंभाबाई पुढे बसली होती. ती रडली नाही. पडदा पडल्यावर आत आली आणि दोन्ही हातांनी टेकचंदचं तोंड कितीतरी वेळ चाचपत राहिली.

ती दोन दिवस टेकचंदच्या घरी राहिली. त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने, तिला लुगडं नेसवलं. तिला पोहोचवायला मी गोंदियापर्यंत गेलो. गाडीला वेळ होता. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारलं, "माय, तुले सायेबाचा राग नाही आला?"

आला होता, ती म्हणाली. पहिल्या वर्षी साहेब आले तेव्हा तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दार लावून घेतलं. साहेब दिवसभर अंगणात उन्हात बसले. दाराला हात लावला नाही, हाक मारली नाही. सांज झाली तेव्हा बंद दाराला सलाम करून गेले.

"अन् मंग?"

"दुसऱ्या साली पुन्हा आले," रंभाबाई म्हणाली. "तवा म्या खाट टाकली."