दाबून सोडायचं बटण

"तुम्हाला पटायचं नाही बाई, कुणालाच पटत नाही," वायरमन स्टुलावर सरसावून बसत म्हणाला, "पण एकदा अख्ख्या पार्लरची वीज गेली आणि मी सतरा पोरांच्या डोक्यांवर गेमचं मशीन चालवलं."

व्यायामाच्या बाई त्याच्या बायकोची उजवी बोटं एकेक करून उलगडत होत्या. "हो का," त्या म्हणाल्या.

"सतरा पोरं ओळीत उभी केली, हातात हात. सगळ्यांना कंगवे दिले आणि म्हटलं, पाडा भांग. कंगव्यानं कागदाचे कपटे उचलतो ना आपण, तीच वीज. शेवटच्या पोराच्या करंगळीला वायर बांधली. मशीन धडाधड सुरू. मधे एक टकलू होता, त्याच्यापाशी जरा करंट अडकायचा."

"हो का. मनगट सैल सोडा, ताई. हां."

गोष्ट खरं तर इथं संपायला हवी होती. पण सतराची पंचवीस पोरं झाली, शेजारचा न्हावी जास्तीचे कंगवे घेऊन धावत आला, पलीकडच्या गल्लीतले दिवे पेटले, आणि बाई प्रत्येक वेळी "हो का" म्हणत राहिल्या. शेवटी वायरमन स्वतःच दमला आणि पाणी प्यायला उठला.

तीस वर्षांत त्यानं एकही थाप स्वतःहून संपवली नव्हती. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये तो मशीन दुरुस्त करायचा आणि त्याची बायको खिडकीत बसून टोकन द्यायची. पोरं तिला टोकनताई म्हणत. काम नसलं की हा त्या खिडकीला टेकून हवेत मनोरे रचायचा. मनोरा पुरेसा उंच झाला की ती फडक्यानं टोकन पुसता पुसता, मान वर न करता म्हणायची, "खोटं." पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. पोरं खिदळायची, हा स्क्रू ड्रायव्हर उचलून कामाला लागायचा.

सहा महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू गेली आणि बाजूबरोबर बोलणंही गेलं. आता ती "हं" म्हणायची किंवा "अं". चिडली की तेही नाही.

जाताना बाई दारात थांबल्या. "काका, स्पष्ट बोलते. सहा महिने होत आले. पुढच्या मंगळवारी एक बोट तरी स्वतःहून हललेलं दिसलं, तर माझ्या येण्यात अर्थ आहे. नाहीतर हा वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावा लागेल."

"हलतंय की. कालच मला चिमटा काढला तिनं."

बाईंनी आत पाहिलं. टोकनताई भिंतीकडे बघत होती.

"मंगळवारी माझ्यासमोर काढू दे," बाई म्हणाल्या.

खोलीच्या कोपऱ्यात पार्लरची एक उंच पेटी उभी होती. पार्लर बंद झालं तेव्हा मालक म्हणाला होता, यातलं एक ने. त्यानं नेमकी ही उचलली, कारण शटर पडल्यावर टोकनताई हिच्यावरच विमानाचा गेम खेळायची, आणि अशी खेळायची की विमान घामाघूम व्हावं. पेटीच्या पोटातलं सगळं मरून गेलं होतं. त्या जागी वायरमननं लेकीचा जुना कॉम्प्युटर बसवला होता. कॉम्प्युटरचा मूळ डबा केव्हाच भंगारात गेलेला, त्यामुळे चालू करायचं बटण तेवढं बसवायचं राहिलं होतं. ते बटण टोकनताईच्याच बोटानं दाबायचं, असं त्यानं त्या दुपारी ठरवलं.

हाताशी होतं ते घरातल्या दिव्याचं बटण त्यानं लावलं. खट्. आतला पंखा फिरला, पडदा उजळला आणि चार सेकंदांत सगळं गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. वायरींची अदलाबदल करून झाली, प्लग तपासून झाला.

"लाजतंय," तो बायकोला म्हणाला. "तुला बघून लाजतंय."

मग त्यानं लेकीला फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तो स्पीकर लावून पेटीवर ठेवला.

"बाबा, बटण कसलं लावलंय?"

"बटणासारखं बटण. दाबलं की दबून राहतं."

"तिथंच चुकलंय. कॉम्प्युटरला नुसतं टोचायचं असतं. दाबायचं आणि सोडायचं. चार सेकंद दाबून धरलंत की त्याला वाटतं, बंद व्हायला सांगताय."

"चाळीस वर्षं वायरिंग केलं मी. असला नखरा कुठल्या दिव्यानं केला नाही."

"दिव्याला डोकं नसतं, बाबा." ती जरा थांबली. "आई ऐकतेय का?"

"ऐकतेय ना. हसतेय."

टोकनताई हसत नव्हती. ऐकत मात्र होती.

त्यानं गेमचंच एक लाल, गोल, उसळून वर येणारं बटण घेतलं आणि त्याच्या दोन बारीक वायरी आतल्या दोन पिनांना जोडल्या. दाबून सोडलं. मशीन चालू झालं आणि चालू राहिलं. मग खुर्ची पुढे सरकवून त्यानं तिची तर्जनी बटणावर ठेवली.

"दाब."

बोट होतं तिथंच राहिलं. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. रविवारी त्यानं बटणातली स्प्रिंग निम्मी कापली. आता बोटाच्या नुसत्या वजनानं बटण खाली गेलं आणि विमान उडालं.

"बघ, दाबलंस."

पण दबलेलं बोट वर येईना. एक, दोन, तीन, चार. पडदा काळा झाला. त्यानं बोट उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा काळा झाला. रविवारभर आणि सोमवारभर ती त्या काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत राहिली. सोमवारी दिवेलागणीला तिनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि डोळे मिटले.

मंगळवारी बाईंना दार वाजवावं लागलं. "काका, तुमची बेल कुठं गेली?"

"चोरीला गेली. पटायचं नाही तुम्हाला, पण चोरानं आधी वाजवून बघितली."

"हो का."

बेलचं बटण पेटीच्या तळाशी, वायरमनच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली होतं. लाल बटणाच्या वायरी त्यानं सकाळीच सोडवून या बटणाला जोडल्या होत्या. त्यानं बायकोची तर्जनी लाल बटणावर ठेवली, बाईंना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "दाब."

लाल बटण बोटाच्या वजनानं खाली गेलं. पेटीच्या तळाशी पायाचा अंगठा टेकला आणि उठला. पंखा फिरला, पडदा उजळला, विमान आकाशात आलं.

"अरे वा," बाई म्हणाल्या आणि कागद काढून लिहू लागल्या.

वायरमनला स्फुरण चढलं. "हे तर काहीच नाही बाई. पटायचं नाही तुम्हाला, पण काल याच बोटानं तिनं बरणीचं झाकण उघडलं. जे मला उघडेना ते. आणि रात्री अंगावर डास बसला, तर नेम धरून..."

टोकनताई आपल्या बोटाकडे बघत होती. ते लाल बटणावर तसंच पडलेलं होतं, बटण दबलेलंच होतं. मग तिनं पडद्याकडे पाहिलं. तिचे ओठ हळूहळू हलत होते, आवाज न करता. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. विमान उडतच होतं.

"...आणि आज सकाळी तर तिनं सुईत दोरा..."

"खो..."

बाईंचं पेन थांबलं.

टोकनताईनं पुन्हा तोंड उघडलं. कपाळावरची शीर ताठ झाली. तिनं मान वर केली नाही.

"खोटं," ती म्हणाली.

वायरमननं स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि पेटीमागे जाऊन खाली बसला.