परतीचं पाणी

तीस वर्षं मी वर्ध्याकडच्या समुद्रपूरच्या रूटवर एसटीत कंडक्टर होतो. कोनाजवळ तिकीट नाई, हे मी तोंड पाहून सांगत होतो. म्हणून पोरगा प्रफुल्ल दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आन नजर चुकवून पाया पडला, तवाच मले खटकलं.

प्रफुल्ल तिकडं रत्नागिरीकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर हाय. त्याची बदली इकडं व्हावी म्हणून नऊ वर्षं मी वर्ध्याच्या ऑफिसात चकरा मारल्या. यंदा यादीत त्याचं नाव लागलं. पोरगा कायमचा घरी येणार म्हणून बायकोनं, अन्नपूर्णानं, मागची खोली रंगवून घेतली. मी नवा पंखा बसवला.

आन हा आला तं हातात लोणच्याची बरणी. आत खारं पाणी, दोन गोटे आन बोटाएवढा मासा. राखाडी आंग, त्याच्यावर काळे पट्टे.

"हे काऊन आणलं बे?" मी इचारलं.

"शाळेतल्या पोरांनी देल्लं, बाबा. निरोपाचं."

निरोपाले शाल देतात, नारळ देतात. मासा कोन देते? पण मी गप राह्यलो. खोटं बोलणाऱ्याले घाई करायची नसते, तो आपणच घसरते.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॅगेतून समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या काढल्या. सात. त्या माशाले रोज एक लागते म्हणे. तीन बाटल्या फळीवर मांडल्या आन चार परत बॅगेत घालून बॅग पलंगाखाली सरकवली. मी पेपर वाचून राह्यलोतो, पण डोळे तिकडंच होते. कायमचा आलेला मानूस चार बाटल्या बॅगेत काऊन ठेवते?

"तुमचं आपलं जलमभर चेकिंगच," अन्नपूर्णा म्हणाली. "पोरगं आलं हाय, खाऊ द्या दोन घास."

मी मुद्दाम बरणीपाशी जाऊन बसलो. "हा राहते कुठं?"

प्रफुल्लचा चेहरा उजळला. "खडकात, बाबा. समुद्र मागं हटला का खडकाच्या खळग्यात पाणी राहते, त्याच्यात. लाटेनं दुसरीकडं नेला तरी फिरून आपल्याच खळग्यात येते. शाळेच्या मागंच हाय आमचा खळगा."

आमचा म्हणे. घरी आल्यापासून तो एवढं सलग बोलला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी मी झोपून उठलो तं घरात गोंधळ. मासा गायब. फळीवरच्या तिन्ही बाटल्या सरल्या होत्या, आन मासा मेला असंल, बोक्यानं नेला असंल, असं समजून अन्नपूर्णानं बरणी घासून पालथी घातलीती. प्रफुल्ल पलंगाखाली, कपाटामागं शोधून राह्यला होता. मग दोघंही माह्याकडं पाहून थांबले.

"बाबा, तुम्ही तं नाई ना काही..." प्रफुल्ल बोलला.

मले लय लागलं. जलमभर मी लोकांवर शक घेतला, माह्यावर कोनी घेतला नव्हता. आन खरं सांगू का, काल रात्री नालीत फेकून द्यावा असं माह्या मनात येऊन गेलतं.

मी शोधाले लागलो. बिनतिकिटाचा मानूस कुठं दडते, हे मले शिकवायची गरज नाई. जिथं आडोसा तिथं. माठाखालचं ओलं पोतं उचललं. तिथं बसला होता लेकाचा, कल्ले हालवत. बरणीतून उडी मारून ओल धरून गेलता. ओल्या हातानं उचलला, बरणी सुलटी करून गोटे आत टाकले, पलंगाखालची बॅग ओढली आन एक बाटली उघडून बरणीत ओतली.

"बाबा, ते परतीचं पाणी हाय," प्रफुल्लच्या तोंडून निघून गेलं.

"परतीचं?" मी रिकामी बाटली खाली ठेवली.

"बदली नको म्हणून लिहून देल्लं मी," तो खाली मान घालून बोलला. "दोन महिने झाले. फोनवर सांगायची हिंमत नाई झाली. नऊ वर्षांत तुम्ही एकदा तरी आले का तिकडं? म्हटलं निदान मासा तरी दाखवू. पोरांनी परत आणायच्या बोलीवर देल्ला."

राग आला. लय आला. वाटलं, बरणी उचलून अंगणात आपटावी. पण नऊ वर्षं म्हटल्यावर मले माह्या खिशातला पास आठवला. रिटायर कंडक्टरचा, बायकोसकट फुकट प्रवासाचा. दरसाल मिळते. मी तो वर्ध्याच्या ऑफिसात जायले वापरला, पोराकडं जायले एकदाही नाई.

मी बाटल्या मोजल्या. तीन उरल्या होत्या. रत्नागिरीले पोचायले दीड दिवस.

"पिशवी भर," मी अन्नपूर्णाले सांगितलं. "आपली दोघांची. सकाळच्या गाडीनं निघू."

"अजी, तुम्ही येता?" ती डोळे पुसत म्हणाली.

"मंग? हा सांगते तसा खळगा तिथं हाय का नाई, हे पाह्यल्याबिगर मी मानणार हाय काय?"

मासा गोट्याआडून माह्याकडं पाहून राह्यला होता. मी बरणीवर ताटली झाकली आन वर वरवंटा ठेवला.