ऋग्वेदाच्या कानात

या, अशा पुढे सरका. टाळ ठेवा बाजूला, कान इकडे द्या. विठ्ठलाचं नाव घेऊन आमच्या लालबागच्या चाळीतल्या दमयंतीची गोष्ट सांगते.

बारशाच्या दिवशी सकाळपासून दमयंती एका जागी ठरत नव्हती. खिडकीशी जाई, ओट्याशी येई, पुन्हा खिडकीशी. ओठ सारखे हलत होते. "रु... रु... रु..." पुढचं अक्षर घशातच राही.

तिची जीभ जन्मापासून अडखळे. 'र' तर वैरीच. फार बोलावं लागू नये म्हणून तिने परळच्या एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरी इस्त्री करायचं काम धरलं, आणि लग्नाविना उभा जन्म तिथेच काढला. वाफेच्या फुसफुसाटात तिला कुणी काही विचारत नसे. आता भाच्याला, रूपेशला, मुलगी झाली होती. रूपेशला बहीण नाही. मग बाळाच्या कानात नाव सांगायचा मान रूपेशच्या आत्याचा, म्हणजे हिचाच.

आणि नाव काय, तर ऋग्वेदा!

"अख्ख्या लालबागात दुसरी सापडणार नाही," रूपेशची बायको देविका कौतुकाने सांगे. दादरची, शिकलेली, मनाने चांगली पोर.

शेजारची बेबी फिस्सकन हसली. "सापडणार नाय? आमच्या नातवाच्या वर्गात दोन हायत! एक टीचर रिग्वेदा म्हणते, दुसरी रुगवेदा. पोरी दोघींना पण ओ देत नायत."

दुपारी देविकाने हळूच विषय काढला. "आत्या, राग मानू नका हं. दुबईहून माझा दादा मोबाइलवर बघणार आहे. नाव आमच्या कीर्तीने सांगितलं तर? कार्यक्रमांचं निवेदन करते ना ती, उच्चार स्वच्छ आहे. तुम्ही पाळण्याची दोरी धरा."

दमयंती बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. बेबी मागोमाग आली.

"जाऊ दे गो. बहीण हाय ती देविकाची. नाव कानात गेल्याशी मतलब."

"रू... रूपेशच्या बारशाक..." दमयंतीने कठडा घट्ट धरला. "माझ्या तोंडातला नाव पुरा जावच्या आ-आधीच बायकांनी पाठीत धपाटे घातल्यानी. सगळी ह-हसली. अ-अर्धाच रवला. तेका अजून मी बा-बाबूच म्हणतंय."

बुवा कीर्तनात सांगतात, देवाला उच्चार नको, ओढ हवी. दमयंती तिथे मान डोलवायची. पण देवाला कळतं हो, पोरीच्या कानाचं काय?

ती आत आली. "सां-सांजेक नाव मी-मीच सांगतलंय."

"पण आत्या, अडकलात तर?"

"त-तर थांबा."

 देविका म्हणाली, "बरं."

संध्याकाळी खोली बायकांनी भरली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्यात गेलं. दमयंती वाकली. कानात नाव पडलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीतच आहे, तेव्हा भोवती सगळ्यांचे हात उगारलेले.

"रु..."

थांबलं. कुणीतरी खोकलं. कीर्ती पुढे सरकली, तसं देविकाने तिचं मनगट धरलं.

"रु... रु..."

 दमयंतीच्या मानेवर घाम आला होता. उगारलेले हात तसेच हवेत, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. एकही खाली येईना. बाळ मात्र डोळे उघडून स्वस्थ पडलं होतं, त्याला कसली घाई?

मग दमयंती आणखी खाली वाकली. काय बोलली ते पाळण्याबाहेर आलं नाही. तिचे खांदे तेवढे सैल पडलेले दिसले.

हात हळूहळू उतरले, पण मारायला कुणी धजेना. कुणी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. बेबी डोळे पुसू लागली.

दमयंती वाकलेलीच. तिने नुसती मान वळवली, आणि चक्क रागावली.

"मा-मारा गो! आ-आत्या आसंय मी!"

मग पडले धपाटे. पहिला बेबीचा, चांगला सणसणीत.

तेवढं एक करा, बायांनो. पुढच्या बारशाला आत्या पाळण्यात वाकेल, तुमचा हात वर जाईल, तेव्हा आमच्या दमयंतीला आठवा. नाव पुरं होऊ द्या. मग मारा.