सोळा तासांची अट

राणोजीरावांनी टपाल खात्यात चौतीस वर्षं छापील नियमांशी संसार केला; राजसबाईंशी केला तो उरलेल्या वेळात. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. रविवारी दुपारी चारला त्यांनी तमिळ मुलखातल्या, तिरुवल्लिकेणीच्या घरात कॉर्डलेस फोन आणला, तोही हरिणीसाठी. सोमवारी सव्वानऊला लेक पहिल्यांदाच रेडिओवर गाणार होती. मग कार्यक्रमांची बोलावणी येणारच, अशी बापाची खात्री.

पण पूजेशिवाय फोन लावायला राजसबाईंची ठाम ना. तयारी होईतो राहुकाळ लागला, तो सहाला संपला. मग फोनला गंध-कुंकू लागलं आणि तो चार्जिंगला बसला. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: पहिलं चार्जिंग सलग सोळा तास, मध्ये खंड पडल्यास बॅटरीची वॉरंटी रद्द.

सोमवारी नऊला राजसबाईंनी रेडिओ लावला. आतून नुसतं घर्रर्र! माणसाचा आवाज म्हणून नाही.

"तुमच्या फोनाचंच काम हें! काढा तें!"

"दहा वाजूं दे गे. सोळा तास होतील."

"दहाला पोरगी घरीं येईल!"

राणोजीरावांनी शांतपणे चष्मा चढवला. अशा खरखरीवरही पुस्तिकेत एक पान होतं. रेडिओची दिशा बदला. दोघांनी तो जुना लाकडी रेडिओ फिरवला. घर्रर्र. दोन्ही उपकरणं वेगळ्या प्लगांवर लावा. रेडिओ स्वयंपाकघरातल्या प्लगावर गेला. घर्रर्र. दोहोंमधलं अंतर वाढवा. दोन खोल्यांच्या घरात अंतर आणायचं कुठून? रेडिओ पार मागच्या भिंतीला, चुलीशेजारी जाऊन टेकला. घरघर जरा कमी झाली, इतकंच. शेजारी जाऊन ऐकावं तर तिथं केव्हापासून नुसता टीव्ही, आणि स्टुडिओत गाणारी आणि साथीदार सोडून कुणाला प्रवेश नाही.

"अजून एक उपाय आहे," राणोजीराव पान उलटत म्हणाले. "विक्रेत्याला विचारा."

राजसबाईंना रडूच कोसळलं. काल राहुकाळासाठी आपणच अडून बसलो नसतो तर सोळा तास केव्हाच भरले असते! स्वतःचा असा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. त्या तरातरा प्लगाकडे निघाल्या, तर नवरा आडवा.

"वॉरंटी जाईल, राजस!"

तेवढ्यात सव्वानऊ झाले. घरघरीच्या तळातून तंबोरा आला आणि मागोमाग हरिणीचा आवाज. पहिलाच सूर थरथरला. अगदी थोडा; परक्याला कळलाही नसता.

राणोजीराव जागच्या जागी थबकले.

"घाबरलीय ती," ते म्हणाले, आणि वळून त्यांनी स्वतःच्या हातानं प्लग उपटला.

घर एकदम मोकळं झालं. दुसऱ्या ओळीला हरिणी सावरली, तिसरीला उघडली, आणि मग अशी काही गाऊ लागली की राजसबाईंना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, मध्येच हातानं ताल धरत होत्या. राणोजीराव मात्र प्लग मुठीत धरून तसेच उभे. सबंध पंधरा मिनिटं.

गाणं संपलं. राजसबाईंना त्यांची दया आली.

"लावा आतां. थोडकाच खंड पडला. दुकानदाराला कोण सांगतं?"

"थांब गे," ते म्हणाले. "आतां पोरीचं नांव सांगतील."