बाजूच्या खाटेचा

छापखान्याच्या वरच्या खोलीत सुताराला राहायला येऊन वर्ष होत आलं होतं, आणि एवढ्या काळात घरमालकाच्या घरात कुरकुरणारं एकही दार शिल्लक राहिलं नव्हतं. खिडक्या अडकायच्या बंद झाल्या होत्या, टेबलं डगमगत नव्हती, जिन्याचा कठडा पक्का झाला होता. घरमालकीण येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायची, भाडेकरू मिळावा तर असा. सुताराला मात्र आता धास्ती पडली होती. दुरुस्त करायला काही उरलंच नाही, तर दिवस काढायचा कसा?

त्याच्या दोन्ही किडन्यांनी अंग काढून घेतलं होतं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, तेव्हा कुठे गाडं चालायचं. असं मशीन फक्त या शहरात होतं, आणि सुताराचं घर होतं पार डोंगराच्या माथ्यावर. बस पायथ्यापर्यंत जायची; पुढे आपले पाय. सुरुवातीला त्याने जाऊन-येऊन करून पाहिलं. मशीनवरून उतरलं की अंगात त्राण नसायचं, तशात तो बसचा प्रवास आणि वर ती चढण. घरी पोचून जरा पाठ टेकावी, तर पुन्हा निघायची वेळ. एकदा चढणीवर दम लागून बसला तो उठेचना. वरून दूधवाला खेचर घेऊन उतरत होता, त्याने पाहिलं म्हणून निभावलं.

त्यानंतर बायकोच म्हणाली, "तुम्ही तिकडेच राहा. शेळ्यांचं मी बघते."

बोलली ते शहाणपणाचंच होतं. पण किती चटकन बोलली, हे त्याच्या मनाला लागून राहिलं.

मग रोज संध्याकाळी फोन. "जेवलात?" "जेवलो." "बरं वाटतंय?" "बरंय." "शेळ्या?" "आहेत की." पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. ती म्हणायची, "ठेवते मग." फोन ठेवल्यावर छापखान्याच्या यंत्राची धडधड खालून जास्तच ऐकू यायची.

त्याच्या आयुष्यात बोलणं म्हणावं असं उरलं होतं ते दवाखान्यातलं. तिथे त्याच्या बाजूच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर असायचा. त्याचा आवाज अजून भरलेल्या बसमधलाच होता. मशीनने टी टी केलं की तो ओरडायचा, "सिस्टर, बेल झाली, गाडी थांबवा! कुणाला तरी उतरायचंय!" नवीन पेशंट दारात घुटमळला की, "पुढे सरका, पुढे सरका, आत सगळी गाडी रिकामी आहे!" भेदरलेला माणूससुद्धा हसून आत यायचा.

दोघांच्याही हातात सुया रुतलेल्या, त्यामुळे कुशीवर वळायची सोय नाही. छताकडे बघतच बोलायचं. सुताराला कंडक्टरच्या आयुष्यातले सगळे घाट, सगळे भांडखोर प्रवासी, एकदा बसमध्ये जन्मलेलं बाळ, हे सारं पाठ झालं होतं. पण रस्त्यात तो समोर आला असता तर चटकन ओळखला असता की नाही, शंकाच होती. नावंही एकमेकांची माहीत नव्हती. सिस्टर दोघांनाही काका म्हणायच्या. ते एकमेकांना म्हणायचे सुतारमास्तर आणि कंडक्टरसाहेब. तेवढ्यावर भागत होतं.

"मुलगा आहे हो," कंडक्टर एकदा म्हणाला, "पण फोनपुरता. आणि तो फोनही मीच करायचा." मग त्याने विचारलं, "तुमच्या घरी कोण?"

"बायको. आणि शेळ्या."

"मग तुम्ही श्रीमंत आहात."

एके दिवशी मोठ्या सिस्टर सुताराच्या उशाशी स्टूल ओढून बसल्या. "काका, घरी जायचंय का?"

सुताराला वाटलं, आता इलाज संपला असं सांगणार. त्याचं तोंड बघून सिस्टर हसल्या. "तसं नव्हे. घरच्या घरी करता येतं हे. पोटात एक बारीक नळी बसवतात. तिच्यातून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. दिवसातून चारदा. लांबच्या गावांसाठी आता हे सुरू होतंय. पाण्याच्या पिशव्यांचे खोके गाडी पायथ्याशी आणून देईल. तुमच्या वरच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सलाही आम्ही शिकवणार आहोत. फक्त एक बंद, स्वच्छ खोली हवी, आणि शिकायला घरचं आणखी एक माणूस."

सुतार छताकडे बघत राहिला. बोलला कंडक्टर. "सिस्टर, आमचंही एक तिकीट फाडा की."

"तुमच्याकडे कोण आहे, काका? जागा कशी आहे?"

"खोलीत आम्ही चौघे भाडेकरू. नळ मजल्याला एक. आणि घरचं माणूस म्हणाल," तो थांबला, "तर मीच."

सिस्टरनी कंडक्टरच्या अंगावरची चादर नीट केली आणि उठून गेल्या.

"माझ्या घरी चला," सुतार म्हणाला. त्याने ते मनापासूनच म्हटलं होतं.

"तुमच्या त्या चढणीवर मला न्यायला क्रेन लागेल, मास्तर," कंडक्टर म्हणाला. "जा तुम्ही. आपला स्टॉप आला की उतरावं माणसाने. मागे बघत बसलं की दारात गर्दी होते."

पोटात नळी बसली. शेळ्या दूधवाल्यावर सोपवून बायको शिकायला शहरात आली. सिस्टर सांगायच्या तसे कोपरापर्यंत हात धुवायची, मास्क लावायची, नळीचं टोक कशालाही न लागू देता जोडायची. सुतारापेक्षा लवकर शिकली. छापखान्यावरच्या खोलीत ती दोन रात्री राहिली, पण खालच्या यंत्राच्या आवाजाने तिचा डोळा लागला नाही. "इथे झोपत होतात तुम्ही?" एवढंच तिने विचारलं.

निघायच्या दिवशी त्याने कंडक्टरचा फोन नंबर घेतला. "पोचलात की कळवा," कंडक्टर म्हणाला. आणि सुतार दार ओढून घेताना आतून आवाज आला, "जाऊ द्या गाडी!"

घरी आल्यावर पहिले काही दिवस कामात गेले. ओसरीचा एक कोपरा फळ्यांनी बंद करून त्याने खोली केली, धूळ येऊ नये म्हणून फटी बुजवल्या, पिशवी टांगायला खांद्याच्या वर आकडा ठोकला, खोक्यांसाठी मांडणी केली. दूधवाला ते खोके खेचरावर लादून वर आणायचा. केंद्रातली नर्स येऊन खोली बघून गेली आणि म्हणाली, दवाखान्यातसुद्धा एवढी नीट मांडणी नसते. सुताराला वाटलं, झालं, आता सगळं पहिल्यासारखं होणार.

पण घर त्याच्यावाचून चालायला शिकलं होतं. त्याच्या कामाच्या बाकावर कोंबड्यांचं खुराडं होतं. शेळ्या त्याला बघून बाजूला व्हायच्या. बायको उजेड असतानाच जेवून घ्यायची, उभ्या-उभ्या. शेळ्यांशी मात्र ती भरभरून बोलायची. गोठ्यातून तिचा आवाज यायचा, मधेच हसणंही. सुतार जवळ गेला की ती गप्प व्हायची आणि विचारायची, "काही हवंय?"

काही नको असायचं. तो परत फिरायचा.

दिवसातून चार वेळा तो स्वतःला त्या खोलीत कोंडून घ्यायचा. दार बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. एक पिशवी भरत जायची, दुसरी रिकामी होत जायची. अर्धा तास काही म्हणता काही करायचं नाही. फळीपलीकडे बायकोची पावलं या दारातून त्या दारात जाताना ऐकू यायची. दवाखान्यात निदान कुणी बेल वाजवून गाडी थांबवत होतं. त्याने कंडक्टरला दोन-चारदा फोन केला. फोनवर कंडक्टर अगदी वेगळाच माणूस होता. हो, नाही, बरं, ठेवू? पुढे फोन नुसता वाजत राहायला लागला. सुताराने मनाची समजूत घातली, मशीनवर असेल.

एका सकाळी पोटातून निघालेलं पाणी गढूळ दिसलं. सिस्टरने शिकवलं होतं, भरलेल्या पिशवीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली पाहिजेत; नाहीतर पोटात संसर्ग झालाय असं समजायचं. सुताराने बायकोला हाक मारली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून पिशवीमागे धरलं. आकडे दिसेनात. सुतार म्हणाला, उजेड कमी असेल. ती म्हणाली, "उजेड भरपूर आहे," आणि फोन उचलला.

पूर्वीचे दिवस असते तर आधी चढण उतरायची, मग बस, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. आता केंद्रातली नर्सच धापा टाकत घरी आली. शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेलं औषध केंद्रात आणून ठेवलेलंच होतं. तिथल्या तिथे पहिला डोस पिशवीतून आत गेला. मग खेचरावरून पायथा आणि पुढे शहर. दूधवाला खेचराबरोबर निघालेला, त्यामुळे शेळ्यांना सोडून बायकोला येता येईना. ती वळणापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

वेळेवर औषध मिळाल्यामुळे दुखणं वाढलं नाही. जरा चालता येऊ लागल्यावर सुतार वॉर्डातून मशीनच्या खोलीकडे गेला. बाजूच्या खाटेवर, म्हणजे कंडक्टरच्या, एक बाई डोळे मिटून पडली होती. टेबलाशी नवी मुलगी बसली होती.

"इथले कंडक्टरकाका? त्यांची वेळ बदलली का?"

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही नातेवाईक आहात का?"

"नाही."

"मग कोण?"

मित्र म्हणावं तर एकत्र चहासुद्धा घेतला नव्हता कधी. "बाजूच्या खाटेचा," तो म्हणाला.

मुलीला काही कळलं नाही. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या आणि त्याला पाहताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला बाकावर बसवलं. कंडक्टर वारला त्याला बरेच दिवस झाले होते. शेवटच्या पाळीला आपल्या पायांनी आला, मशीनवर झोपला, सगळ्यांना हसवलं आणि खोलीवर गेला. पुढच्या पाळीला आलाच नाही. सिस्टरनीच फोन केला, तेव्हा खोलीतल्या भाडेकरूने उचलला. मुलगा येऊन सगळं करून गेला होता.

"तुम्हाला कळवायला हवं होतं, काका. पण कोणाच्या लक्षातच आलं नाही की तुम्हाला कळवायचं असतं."

सुताराने मान हलवली. मग विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

सिस्टरनी नाव सांगितलं. त्याने ते मनात एकदा म्हणून पाहिलं. कुणा परक्याचंच वाटलं ते. रडू यायला हवं होतं, पण त्या नावाच्या माणसासाठी येईना. बाई जरा हलली, तिच्या मशीनने टी टी केलं, सिस्टर उठून गेल्या. खोलीत कुणी काही ओरडलं नाही. तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

घरी आल्याच्या संध्याकाळी तो हात धुऊन खोलीत शिरला, दार लावलं, पिशवी टांगली. नळी जोडून होते न होते तोच दारावर टकटक झाली.

"काय?"

"आत येऊ?"

बायको दारात उभी होती. कोपरापर्यंत हात धुतलेले, तोंडाला मास्क. आत येऊन तिने दार लावलं आणि खोक्यावर बसली. "हात धुऊन, तोंड झाकून आत थांबलं तर चालतं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सिस्टरने. शिकवलं तेव्हाच."

"मग इतके दिवस आली का नाहीस?"

"तुम्ही धाडकन दार लावून घ्यायचात. मला वाटलं, तुम्हाला कुणी नको असेल."

कुठून सुरू करावं ते न कळून सुताराने मधूनच सुरू केलं. बसमध्ये जन्मलेल्या बाळाचं सांगितलं. घाटांचं सांगितलं. चौघा भाडेकरूंच्या त्या खोलीचं, फोनपुरत्या मुलाचं. शेवटी, तो गेला, हेही सांगितलं.

"एवढं होतं, आणि मला एक शब्द नाही," ती म्हणाली.

"तू विचारायचीस, जेवलात का."

"आणि तुम्ही, शेळ्या कशा आहेत." मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. "थंडीत मला ताप आला होता. उठवेना. शेळ्या ओरडून ओरडून दमल्या. दूधवाल्याने शेवटी दार ढकललं आणि नर्सला बोलावलं."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर निघाला असतात. आणि त्या चढणीवर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "मग म्हटलं, बोलायचं ते शेळ्यांशी बोलावं. त्यांना काळजी वाटत नाही."

"काय बोलतेस त्यांच्याशी?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"सांग ना."

तिने जरा आढेवेढे घेतले. मग सांगायला लागली. आधी चाचरत, मग गोठ्यात बोलते तशी. पिशवी रिकामी झाली. सुताराने नळी सोडवली, टोकाला टोपण लावलं, मास्क काढून गुडघ्यावर ठेवला. आता दार उघडलं असतं तरी चाललं असतं. त्याने उघडलं नाही. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.