फ्रिजमधली कार्डं

गुरुवारी दुपारी माझ्या बायकोच्या, निरुपमाच्या शेती संशोधन केंद्रातून फोन आला. मी म्हणालो, "ती ऑफिसला गेलीय." पलीकडचा म्हणाला, "काका, मी ऑफिसातूनच बोलतोय." तो माधव होता, तिच्या हाताखाली काम करणारा. ती टेबलापाशी बसल्या बसल्या गेली होती. मी त्याला विचारलं, तिनं डबा खाल्ला होता का. असं का विचारलं, मला कळत नाही.

माझी बहीण शैला नागरवाड्यातून आमच्याकडे कारेलीबागेत आली. माणूस गेल्यावर घरातलं शिजवलेलं अन्न ठेवत नाहीत, म्हणून तिनं फ्रिज रिकामा केला. त्यात एक प्लास्टिकचा डबा होता. आत कागदी कार्डाच्या पट्ट्या आणि त्यांवर काळी खसखस चिकटवल्यासारखं काहीतरी. शैलाला ते नासलेलं खाणं वाटलं. तिनं डबा मागच्या गॅलरीत कचऱ्याशेजारी ठेवला.

शनिवारी अस्थी गोळा करून आलो आणि गॅलरीत हातपाय धुवायला गेलो, तर डब्याच्या झाकणाला आतून ठिपके चालत होते.

"किडे झाले बघ, दादा. फवारा मार आणि टाकून दे," शैला म्हणाली. "वहिनी पण अशी. झुरळ दिसलं की पलंगावर चढायची, आणि फ्रिजमध्ये किडे पाळायची."

मी माधवला फोन केला.

"मारू नका, काका. वांगी पोखरणारी अळी असते ना, तिच्या अंड्यांत हे बारीक किडे आपली अंडी घालतात. मग अळी जन्मतच नाही. मॅडम काल ती कार्डं पादरा गावी रावजीभाईंच्या शेतात, वांग्यांच्या झाडांना बांधणार होत्या. थंडीतून काढली की हे बाहेर येतात. उद्यापर्यंत शेतात गेले नाहीत तर मरतील. मी नवसारीला आलोय हो, नाहीतर गेलो असतो."

मी जातो म्हणालो.

"सुतकात कोण जातं शेतात?" शैला म्हणाली. "तेही किड्यांसाठी?"

"किडीसाठी नाही, किडीविरुद्ध," मी म्हणालो. पुढचं मला सांगता येईना. निरुपमा हे सगळं जेवताना सांगायची. मी हूं हूं करायचो.

रविवारी सकाळच्या बसनं गेलो. डबा ओल्या नॅपकिनात गुंडाळून मांडीवर धरला होता. रावजीभाई बांधावर भेटला. शेताला उग्र वास येत होता.

"बेन केम न आव्यां?" निरुपमा का आली नाही, असं त्यानं गुजरातीत विचारलं. "शुक्रवारे बहु राह जोई. पछी काले दवा छांटी दीधी." शुक्रवारी खूप वाट पाहून त्यानं काल औषध फवारलं होतं. बेन आता आपल्याला रागावणार, असं म्हणून तो हसला.

मी तिथूनच माधवला फोन लावला.

"औषध मारलं? मग सोडू नका. आपलेही मरतील. पंधरा दिवस थांबावं लागेल."

"तोवर हे जगतील?"

"नाही, काका."

"मग नवी कार्डं कोण करणार?"

"बघू," तो म्हणाला.

रावजीभाईनं बेनसाठी पिशवीत वांगी भरली. चिरलं की अळी निघते का ते बेनला बघू दे, म्हणाला. ती कधी येणार, असंही विचारलं. मी म्हणालो, "आवशे." ‘येईल’ हेच का तोंडातून निघालं, मी बसमध्ये विचार करत राहिलो.

डबा आता स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. झाकणावरचे ठिपके कमी झालेत. शैला त्याला हात लावत नाही.

रावजीभाईच्या शेतात कार्डं बांधायची राहिली आहेत. आणि निरुपमा गेली, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.